चादरींच्या फोटोंसाठी फोनचा मूळ कॅमेरा पुरेसा आहे, की वेगळे ॲप घ्यावे?

प्रश्न : साखर पेठ, सोलापूर

आमचा चादरी आणि टेरी टॉवेल विकण्याचा घरचा व्यवसाय आहे. हल्ली बाहेरगावचे बरेचसे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाहूनच माल मागवते, त्यामुळे चादर दुकानात जशी दिसते तशीच ती फोटोत दिसणे आमच्यासाठी महत्त्वाचे झाले आहे. माझ्याकडे मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. माणसांचे आणि सणावारांचे फोटो त्यात उत्तम येतात, मालाचे मात्र येत नाहीत. लाल चादर इतकी भडक दिसते की तिच्यातली मोराची बारीक नक्षी त्या लालीत बुडून जाते. टॉवेलचे फंदे एकमेकांत मिसळून कापड मेणासारखे गुळगुळीत दिसते. आणि एकाच लॉटमधल्या दोन चादरींचे फोटो लागोपाठ काढले तरी एक पिवळसर येते, दुसरी निळसर. दुकानातल्या दिव्यांखाली फोटोवर कधी कधी आडवे पट्टेही उमटतात. रंग वेगळा निघाला म्हणून माल परत येऊ लागल्यामुळे विचारतो आहे. पुतण्याच्या मते मूळ कॅमेरा सोडून दुसरे ॲप टाकले की हे सगळे सुटेल. त्यात खरोखर तथ्य आहे का?

उत्तर : अक्कलकोट रोड

तथ्य आहे, पण पुतण्या समजतो त्या कारणाने नाही. वेगळे ॲप टाकल्याने फोनची लेन्स किंवा सेन्सर बदलत नाही. बदलते ते एवढेच की निर्णय कोण घेणार, फोन की तुम्ही. मूळ कॅमेऱ्याची सगळी जुळणी चेहरे, आकाश आणि जेवणाची ताटे डोळ्यांना सुखावतील अशा बेताने केलेली असते. तो एका फोटोसाठी अनेक फ्रेम टिपून एकत्र करतो, त्यातला दाणेदारपणा पुसतो, कडा धारदार करतो आणि रंग थोडे चढवतो. टॉवेलचे फंदे त्याच्या हिशेबी दाणेदारपणाच असतात, म्हणून ते पुसले जातात.

‘ओपन कॅमेरा’ हे फुकट, मुक्त स्रोताचे आणि जाहिरातींचा त्रास नसलेले ॲप घेऊन पाहा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘कॅमेरा२ एपीआय’ (ॲपला कॅमेऱ्यावर जास्त ताबा देणारी अँड्रॉइडची सोय) निवडले की नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा पुसणे) आणि एज मोड (कडा धारदार करणे) हे दोन पर्याय मिळतात, आणि फोनने मुभा दिली असेल तर ते दोन्ही कमी किंवा बंद करता येतात. फोटो थोडा खरखरीत येईल, पण फंदा फंद्यासारखा दिसेल.

पिवळसर-निळसरपणाचे कारण ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवण्याची फोनची सोय, हे आहे. चौकटभर लाल चादर पसरली की फोनला वाटते उजेडच तांबडा आहे, आणि तो सगळे चित्र उलट्या बाजूला ढकलतो. पुढची चादर हिरवी असली की त्याचा अंदाज पुन्हा बदलतो. यावर उपाय असा की चादरीच्या जागी आधी साधा पांढरा कागद चौकटभर धरावा, व्हाइट बॅलन्स स्थिरावू द्यावा, तिथेच तो लॉक करावा आणि मग त्याच उजेडात सगळा लॉट टिपावा. सगळ्या चादरींचे रंग निदान एकमेकांशी तरी इमान राखतील.

लाल रंगाचे दुखणे थोडे वेगळे आहे. एकूण फोटो व्यवस्थित उजळ दिसत असला तरी त्यातला लाल घटक आधीच कमाल पातळीला टेकलेला असतो आणि त्यापुढचा सगळा तपशील सपाट होतो. ओपन कॅमेऱ्यात पडद्यावर आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल, हिरवा व निळा घटक किती उजळ आहे हे दाखवणारा आलेख, दिसतो. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तो सुटेपर्यंत एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) उतरवा. फोटो किंचित काळपट येईल, तो नंतर उजळता येतो, पण जळालेला लाल परत आणता येत नाही. शिवाय जेपेग फाइलमध्ये उजेडाच्या मानाने रंगाची माहिती सहसा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लालावर गडद रंगाची बारीक वीण असली की ती फिसकटते. म्हणून नक्षीचा जवळून एक वेगळा फोटो घेणे केव्हाही बरे.

उत्तर : विजापूर वेस

वरील उत्तर बरोबर आहे, पण नवे ॲप टाकण्याआधी मूळ कॅमेऱ्यातला ‘प्रो मोड’ उघडून पाहावा. मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये तो असतो, आणि व्हाइट बॅलन्स, शटर (उजेड किती वेळ टिपायचा) व आयएसओ (टिपलेला उजेड किती वाढवायचा) या तिन्ही गोष्टी त्यात हाताने ठरवता येतात. आडव्या पट्ट्यांपुरते बोलायचे तर आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे चोकचे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि शटर त्या तालाशी जुळले नाही की पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवल्यास ते बहुतेक वेळा जातात. एवढ्यासाठी दुसऱ्या ॲपची गरज नाही.

मला खरा दोष दुकानातल्या दिव्यांचा वाटतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, कमाल १०० असलेला आकडा) ८० असे छापलेले असते, पण तो आकडा ज्या आठ नमुना रंगांच्या सरासरीतून येतो ते सगळे फिके असतात आणि गडद लाल त्यांत मोजलेलाच नसतो. गडद लालासाठी ‘आर९’ हा वेगळा आकडा असतो, आणि स्वस्त दिव्यांत तो शून्याच्या आसपासही असू शकतो. जो लाल दिव्याने दाखवलाच नाही तो कोणते ॲप टिपणार? चादर सकाळी दाराजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा सावलीत पसरा आणि मग ॲपचा विचार करा. चैत्र-वैशाखातले आपल्याकडचे दुपारचे ऊन तर फोटोसाठीही वाईट आणि फोनसाठीही.

उत्तर : जुळे सोलापूर

मी मोबाइल ॲप तयार करण्याचे काम करतो, म्हणून पडद्यामागचे थोडे सांगतो. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० बरोबर ‘कॅमेरा२’ ही व्यवस्था आली आणि बाहेरच्या ॲपना शटर, आयएसओ, फोकस, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल हे सगळे मागता येऊ लागले. मात्र मागणे आणि मिळणे यांत अंतर आहे. प्रत्येक फोन आपली पायरी जाहीर करतो, चढत्या क्रमाने लेगसी, लिमिटेड, फुल किंवा लेव्हल ३, आणि खालच्या पायरीच्या फोनवर ओपन कॅमेऱ्यातले अर्धे पर्याय दिसतच नाहीत. त्यामुळे एकाच्या फोनवर चाललेला उपाय दुसऱ्याच्या फोनवर चालेलच असे नाही. तुमच्या फोनची पायरी कोणती, हे तपासणारी छोटी ॲप प्ले स्टोअरवर आहेत. आधी ते पाहून घ्या.

शिवाय कंपन्या आपली फ्रेम एकत्र करण्याची कृती आणि नाइट मोड बहुतांशी स्वतःच्याच ॲपसाठी राखून ठेवतात. काही फोनवर वाइड किंवा टेलिफोटो लेन्स बाहेरच्या ॲपला दिसत नाही, आणि ५० मेगापिक्सेलचा सेन्सर असूनही चार-चार पिक्सेल जोडलेला साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हाती येतो. व्हॉट्सॲपवरच्या चादरीसाठी साडेबारा भरपूर झाले, पण ‘दुसरे ॲप म्हणजे जास्त चांगला फोटो’ हा समज डोक्यातून काढावा.

प्रश्नकर्ता : साखर पेठ

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. फोनमध्ये प्रो मोड आहे, पण त्यात नॉइज रिडक्शन बंद करण्याची सोय दिसत नाही, म्हणून टॉवेलसाठी ओपन कॅमेरा आणि चादरींसाठी प्रो मोड असे ठरवतो. पुतण्या मात्र ‘जीकॅम’चा आग्रह धरतो आहे. ते सुरक्षित आहे का? आणि रॉ फाइलचा आम्हाला काही उपयोग आहे का?

उत्तर : जुळे सोलापूर

जीकॅम म्हणून जे फिरते ते गूगलने तुमच्या फोनसाठी दिलेले ॲप नव्हे. पिक्सेल फोनचा कॅमेरा हौशी लोकांनी इतर फोनवर चालेल असा बदलून आंतरजालावर ठेवलेला असतो. त्याचा पाया म्हणजे गूगलचे एचडीआर प्लस तंत्र, जे २०१३ मध्ये नेक्सस ५ वर आले; मुद्दाम कमी उजेडाच्या अनेक फ्रेम टिपून त्या जोडायच्या ही त्यातली कल्पना. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर रात्री घरच्यांचे फोटो काढायचे असतील तर त्याचा फरक जाणवतो. तुमच्या कामाला ते उलट पडेल, कारण तेही बरेचसे निर्णय स्वतःच घेते. त्यातून ज्या फोनवर दुकानाचे यूपीआय आणि बँकेचे व्यवहार चालतात त्यावर प्ले स्टोअरबाहेरची, कोणी बदलली हे माहीत नसलेली फाइल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्ले स्टोअरवरच्या कॅमेरा ॲपनेही संपर्कयादी मागितली तर ते काढून टाकावे. फोटो काढायला तिचे काय काम?

उत्तर : अक्कलकोट रोड

रॉबद्दल सांगतो. रॉ म्हणजे डीएनजी फाइलमध्ये सेन्सरने टिपलेला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा राहतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स नंतर कितीही बदलला तरी नुकसान होत नाही. पण १२ मेगापिक्सेलची एकेक फाइल २४ एमबीच्या घरात जाते आणि प्रत्येक फोटो स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये उघडून हाताने घडवावा लागतो. रोजच्या मालासाठी हा खटाटोप परवडणार नाही. नव्या डिझाइनचा मुख्य फोटो तेवढा रॉमध्ये घ्या, बाकी जेपेग चालेल. गिऱ्हाइकाला पाठवताना मात्र तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर टॉवेलचे वाचवलेले फंदे व्हॉट्सॲप पुन्हा पुसून टाकेल.