दिग्दर्शन आणि मास्तरकी यांच्या मधलं काही

फिल्म स्टडीजची, म्हणजे सिनेमाच्या अभ्यासाची, पदवी घेतल्यावर पुढे काय करायचं, या प्रश्नावर 'एक तर दिग्दर्शन, नाहीतर प्राध्यापकी' असं दोघांनी म्हटलंय. मला ते पटत नाही. या पदवीत कॅमेरा चालवायला फारसं शिकवत नाहीत. सिनेमा बघायला, त्याचा इतिहास लावायला शिकवतात. मग जिथे हेच लागतं तिथे जावं.

माझ्या मते त्यातलं सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र म्हणजे चित्रपट-जतन. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे (२०२२ पासून ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय), मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. जुनी अॅसिटेट फिल्म सडू लागली की व्हिनेगरसारखा वास मारते, नायट्रेट तर पेट घेते. रीळ तपासणं, साफ करणं, स्कॅन करणं ही तांत्रिक कामं झाली. पण हाती लागलेली प्रिंट मूळ लांबीची की नंतर कापलेली, पोस्टरवरचं साल खरं की पुनर्प्रदर्शनाचं, हे ठरवायला अभ्यासकच हवा. फाउंडेशनच्या जतन-कार्यशाळांना आधी जाऊन या, कामाचा अंदाज येईल. जागा मात्र मोजक्या, आणि सरकारी बाजूला बरंचसं काम कंत्राटी, हेही ऐकून ठेवा.

उपशीर्षकांचं काम त्या मानाने चटकन मिळतं. पैसे मिनिटावर मिळतात, भाव मात्र कमी. महोत्सवांच्या निवड विभागात हंगामी कामं असतात, ओळखी तिथेच होतात.

प्राध्यापकीच हवी असेल तर नेट-सेटचा (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा) विषय कोणता धरायचा, ते एमएला प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठात विचारा.