रांगणाऱ्या बाळाच्या घरात फरशी रोज जंतुनाशकाने पुसावी का?

मूळ धागा
माझं मत: अजिबात नको. रांगणारं मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेतं, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत ओढतं. तळवा फरशीवर घासतो आणि लगेच तोंडात जातो. जंतुनाशकातलं पाणी वाळतं, पण त्यातली जंतू मारणारी क्वाटर्नरी अमोनियम संयुगं (थोडक्यात ‘क्वाट’) उडून जात नाहीत, फरशीवर आणि धुळीत साचत राहतात. सुगंधासाठी घातलेलं लिमोनीन (लिंबासारख्या वासाचं द्रव्य) हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार करतं. रोजच्या पुसण्याला पाणी आणि किंचित सौम्य साबण पुरतो.

प्रतिसाद १
असहमत. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर साबणपाण्यावर विसंबणं धोक्याचं आहे. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस फरशीवर कित्येक दिवस टिकतो. रसायनाच्या भीतीपोटी बाळाला जुलाब लागले आणि अंगातलं पाणी कमी झालं, तर ते संकट कितीतरी जवळचं आहे.

मूळ धागा
तेवढ्यापुरतं मान्य, पण ते आजारपणापुरतंच आणि त्या जागेपुरतंच. शिवाय नोरोव्हायरसवर क्वाटवाली सुगंधी द्रावणं फारशी चालतच नाहीत, तिथे ब्लीचच हवं. आधी घाण उचलून जागा साबणाने धुवा, नाहीतर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. मग ५ टक्के ब्लीच असेल तर १ लिटर गार पाण्यात २० मिली, म्हणजे ०.१ टक्का. १० मिनिटं जागा ओली राहू द्या, नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा. गरम पाणी नको, त्यात ब्लीच लवकर निकामी होतं. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये ते मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन. ब्लीच वापरताना मूल दुसऱ्या खोलीत हवं.

प्रतिसाद २
दोघंही फरशीवरच अडलात! नव्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांच्या) कपाटाचं काय? त्यातल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकातून महिनोन्महिने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. मुलाच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र हवंच.

प्रतिसाद ३
यंत्रातला हेपा फिल्टर (बारीक धूळ अडवणारी दाट जाळी) ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, वायू नाही. वायूसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन (वायू शोषणारा खास कोळसा) लागतो, तोही भरपूर. यंत्रातली त्याची पातळ काळी जाळी लवकर भरते आणि मग नुसती शोभेची उरते. त्यापेक्षा कपाटाच्या मागच्या, कापलेल्या कच्च्या कडा बघा. तिथे लॅमिनेट नसतं आणि वायूला वाट मिळते ती तिथूनच. त्या कडा सीलबंद करा. नवं कपाट काही आठवडे मुलाच्या खोलीबाहेर, खिडक्या उघड्या असलेल्या जागी ठेवा.

प्रतिसाद १
खिडक्या रस्त्यावर उघडत असतील तर? बाहेरचा धूर आणि धूळ आत येणार.

प्रतिसाद ३
रहदारी कमी असेल त्या वेळी समोरासमोरच्या दोन खिडक्या १०-१५ मिनिटं उघडा. बाकी वेळ हेपा चालू ठेवा, धुळीसाठी ते उपयोगीच आहे. आणि कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं वापरा, कारण झाडूने उडालेली धूळ तासन्‌तास तरंगते.

मूळ धागा
कपाटाचा विषय निघालाच आहे तर डांबरगोळ्या आधी काढा. नॅप्थलीनची गोळी मुलाला खाऊसारखी दिसते. जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी नुसत्या त्या वासाच्या कपड्यांनीही फुटू शकतात. बाळाचं जुनं दुपटं गोळ्यांत ठेवलेलं असेल तर वापरूच नका.