अ‍ॅस्बेस्टॉस आणि प्रोस्टेटचा कर्करोग: संबंध मानण्याइतका पुरावा आहे का?

आकडेमोड्या
अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय, उष्णतारोधक खनिज हाताळलेल्या कामगाराला उतारवयात प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा) कर्करोग झाल्यास तो व्यवसायजन्य आजार समजून भरपाई द्यावी, अशी मागणी होत असते. मला ती मान्य नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार मेसोथेलिओमा (फुप्फुस, पोट यांच्या आवरणाचा कर्करोग) आणि फुप्फुस, स्वरयंत्र व अंडाशय यांच्या कर्करोगांबाबत पुरेसा पुरावा आहे, तर घसा, जठर व मोठे आतडे यांच्याबाबत मर्यादित. प्रोस्टेट यांपैकी कोणत्याच यादीत नाही. शिवाय हा आजार वयाबरोबर इतका वाढतो की, अन्य कारणांनी दगावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनातही तो अनेकदा आढळतो.

जुना फिटर
यादीत नाव नसणे म्हणजे संबंध नसणे नव्हे. तंतू फुप्फुसातच अडकून राहतात, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. ते लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात, पोटाच्या आतील आवरणातही मेसोथेलिओमा होतो, आणि अंडाशय तर श्वासमार्गापासून कितीतरी दूर आहे. मग प्रोस्टेटलाच अभय कशाच्या आधारावर? अग्निशमन दलाचे उदाहरण घ्या. जुन्या इमारतींच्या आगींत अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या या जवानांच्या व्यवसायाला त्याच संस्थेने २०२२ साली कर्करोगजनक ठरवले आणि प्रोस्टेटबाबत मर्यादित पुरावा असल्याचे नोंदवले.

आकडेमोड्या
अग्निशामकांचे उदाहरण उलट माझ्याच बाजूचे आहे. धुरातील अनेक रसायने आणि रात्रपाळी हे सारे त्यांच्या वाट्याला येते. रात्रपाळीबाबतही प्रोस्टेटसाठी मर्यादित पुरावा नोंदलेला आहेच. यातला अ‍ॅस्बेस्टॉसचा वाटा वेगळा कसा काढणार? दुसरी अडचण तपासणीची. धोक्याच्या उद्योगातील कामगारांची वैद्यकीय पाहणी अधिक होते, त्यात पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणीही झाली तर एरवी कधीच लक्षात न आलेले, संथ वाढणारे कर्करोग उघडकीस येतात. संख्या वाढते, पण ती आजाराची नव्हे, निदानाची.

पाणबुडी
मग नव्या रुग्णांऐवजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू पाहावेत, कारण मृत्यूंच्या आकड्यावर चाचण्यांचा परिणाम तुलनेने कमी होतो. आणि कमी, मध्यम व दीर्घ संपर्क असलेल्यांची आपसात तुलना करावी. मात्रेबरोबर धोका चढत गेला, तरच संशयाला वजन येते.

जुना फिटर
कसोटी योग्य आहे, मात्र तिच्यातही एक खाच आहे. ज्यांचा संपर्क सर्वाधिक, त्यांच्यातले बरेचजण फुप्फुसाच्या कर्करोगाने किंवा अ‍ॅस्बेस्टोसिसने (तंतूंमुळे फुप्फुसे कडक होण्याच्या आजाराने) आधीच जातात; प्रोस्टेटचा कर्करोग होण्याच्या वयापर्यंत ते पोहोचतच नाहीत, आणि त्या गटातला धोका कागदावर कमी दिसतो.

आकडेमोड्या
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. विश्लेषणात अशा मृत्यूंचा हिशेब धरता येतो, आणि तो न धरलेल्या अभ्यासांवर मीही विसंबू नये. तरीही भरपाईच्या निर्णयासाठी आजचा पुरावा मला अपुरा वाटतो.

जुना फिटर
मला संशोधन थांबू द्यायचे नाही, एवढेच. आणि कृपा करून कोणाही जुन्या सहकाऱ्याने या वादात गुंतून छातीची तपासणी लांबणीवर टाकू नये. तिथला धोका वादातीत आहे, आणि धूम्रपानाची जोड मिळाली की तो कित्येक पटींनी वाढतो.