बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ: सिनेमॅटिक की आपला सलग? मदत हवी आहे

मंडळी, तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या घरचं कार्य आहे. धाकट्या बहिणीचं. कार्यालय कोल्हापुरात, उजळाईवाडीच्या बाजूला, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. आचारी, मांडव, फेटेवाला, सगळं ठरलं. व्हिडिओवर गाडी अडलीय, आणि घरात 'त्यातलं कळणारा' मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

दोन कोटेशन हातात आहेत. पहिला पारंपरिक: दोन कॅमेरे, क्रेन, एलईडी वॉलवर थेट, नंतर तीन तासांचा सलग व्हिडिओ. 55 हजार. दुसरा सिनेमॅटिक: पन्हाळ्यावर प्री-वेडिंग, ड्रोन, पाच मिनिटांचं हायलाइट आणि वीस मिनिटांची फिल्म. सव्वा लाख.

बहिणीला दुसराच हवा. वडील म्हणतात, "वीस मिनिटांत काय दिसणार? आलेला पाव्हणा न् पाव्हणा दिसला पाहिजे." त्यांचंही बरोबर आहे. आमच्यात लग्नाचा व्हिडिओ पुढं वर्षभर लागतो तो कोण आलं, कोण आलं नाही हे तपासायलाच.

दुसऱ्याचे सात-आठ नमुने बघितले. सुरेख आहेत, खोटं कशाला बोलू. पण चौथ्यानंतर कुठली नवरी कुठल्या लग्नातली ते कळेना. तोच तीन दरवाजा, तोच उडणारा पदर, आणि एकाही नमुन्यात माणसाचा आवाज नाही. मंगलाष्टकांवर गाणं, कन्यादानावर गाणं, पाठवणीवर व्हायोलिन.

हे खटकण्याचं कारण आमच्या घरातली एक कॅसेट. आई-वडिलांचं लग्न 1994 चं. व्हीएचएसला बुरशी चढली होती, कशीबशी संगणकावर उतरवून घेतली. व्हिडिओ भयंकर आहे. आईचा चेहरा बदामात गरगर फिरतो, मग कमळातून उमलतो. पण पंगतीच्या शूटिंगमध्ये मागून एक आवाज येतो, "अरं, त्या कागलच्या पाव्हण्यास्नी भात वाढा की!" ते आमचे आजोबा. चित्रात कुठंच नाहीत, दिवसभर चुलवणाजवळ उभे होते. आता ते नाहीत. आजी तेवढाच तुकडा परत परत लावायला सांगते. मंगलाष्टका मात्र त्यातही नाहीत, एडिटिंगवाल्यानं वर सनई चिकटवलीय. म्हणजे रोग जुनाच.

याच गावात 1920 ला बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' सिनेमा झाला, तो मुका होता, कारण सोयच नव्हती. 1932 ला 'प्रभात' फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' इथंच बोलला. आणि आता सव्वा लाख मोजून आम्ही परत मूकपट काढायचा?

तर विचारायचं असं, की बहिणीची फिल्म आणि वडिलांचं सलग शूटिंग एकाच माणसाकडून होतं का? आवाजासाठी त्याला नेमकं काय सांगू? ड्रोनवर पैसे घालावेत का?

जुना कॅमेरावाला: होतंय की. मी याच धंद्यात आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. सिनेमॅटिकवाला निम्मे शॉट स्लो मोशनमध्ये घेतो, सेकंदाला 100 किंवा 120 फ्रेमनं. त्या शॉटला वापरण्यासारखा आवाज नसतोच, मग गाणं घालण्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही एवढंच अडून बसा: एक कॅमेरा स्टँडवर, साध्या 25 फ्रेमला, अंतरपाट धरल्यापासून सप्तपदीपर्यंत बंद करायचा नाही. भटजींच्या उपरण्याला कॉलर माइक, आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर रेकॉर्डरला. कॅमेऱ्यावरच्या माइकवर भरवसा ठेवू नका, त्यात बँजो सोडून काही येत नाही.

कच्चं फुटेजही मागा, आणि ते आधीच लिहून घ्या. फोर-के साधारण तासाला 45 जीबी खातं, म्हणजे दोन कॅमेरे आठ तास चालले तर सातशेच्या वर. तेव्हा 1 टीबीची हार्ड डिस्क तुमचीच न्या. नंतर मागितलं की "डिलीट झालं" असंच ऐकायला मिळतंय.

ड्रोनचं म्हणाल तर उजळाईवाडीत विमानतळच आहे. 2021 च्या नियमांनुसार इतक्या जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. कोटेशनमधून ती ओळ खोडा, तेवढे पैसे आवाजाला लावा.

पेठेतली ताई: भावा, एक कर. हळदीच्या आदल्या दिवशी त्या पोराला घरी बोलव आणि आजीला ओळखून ठेवायला सांग. आमच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं नवऱ्याच्या मित्रांचा नाच चाळीस मिनिटं घेतला आणि माझ्या आजीच्या ओव्या एकदाही नाहीत. जात्याजवळ बसून म्हणत होती, हा बाहेर ढोल काढत होता.

रस्सावाला: क्रेन नको राव. मागच्या रांगेतल्यांना अक्षता पडल्या की नाही तेच दिसत नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. सिनेमॅटिकवाल्याला फोन केला. ड्रोन आणि पन्हाळा काढला, स्टँडवरचा कॅमेरा आणि माइक घातले, तर 90 हजारांवर आला. पन्हाळ्यासाठी बहीण दोन दिवस बोलत नव्हती, आता रंकाळ्यावर तडजोड झालीय. हळदीला तो येतोय, आजीच्या ओव्यांसाठी.

कॅमेरावाले काका, एकच शंका उरलीय. कानपिळीला मी उभा असणार, आणि मी कान धरल्यावर दाजी काय बोलतात ते मला पुढची पन्नास वर्षं ऐकवायचंय. भटजींचा एक आणि दाजींच्या शेरवानीला एक, असे दोन माइक एका रेकॉर्डरवर चालतात का?