प्रति: आयबुप्रोफेनचं ‘हरित’ उदाहरण
हरित, म्हणजे कमी कचरा करणाऱ्या रसायनशास्त्राचं उदाहरण म्हणून या चर्चेत कुणीतरी आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं नाव दिलंय: ते सहाऐवजी तीन पायऱ्यांत बनू लागलं आणि अणू-काटकसर (कच्च्या मालाचा वजनाने किती भाग औषधात उतरतो ते प्रमाण) ४० वरून ७७ टक्क्यांवर गेली. ते बरोबरच. पण त्या नव्या पद्धतीत निर्जल हायड्रोजन फ्लोराइड (एचएफ, एक अतिशय विषारी आणि दाहक रसायन) लागतं, ते कुणी लिहिलं नाही. जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात, त्यामुळे कचरा घटला हे खरं. धोका मात्र कारखान्यातच राहिला.

आमच्या लॅबमध्ये नुसतं पातळ एचएफ (त्याचं पाण्यातलं सौम्य द्रावण) काढायचं तरी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची (एचएफ अंगाला लागलं तर चोळायच्या औषधाची) ट्यूब टेबलावर, तिची एक्स्पायरी बघायची, मगच बाटलीला हात. पातळ असलं की लगेच चटका बसत नाही (हीच त्याची लबाडी), कधीकधी दुखायला काही तास जातात. तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधायला लागलेलं असतं.