रक्ताचा कॅन्सर: पेशीचक्राची तपासणी करावी की तो उगाच खर्च?

निपाणीचा लॅबवाला
परवा गल्लीतल्या सहा वर्षांच्या पोराचा रिपोर्ट बघितला. बी-सेल एएलएल, म्हणजे कच्च्या पांढऱ्या पेशींचा झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर. फ्लो सायटोमेट्री (लेसरनं एकेक पेशी तपासणं) झालीय, पण पेशीत डीएनए किती, ते कुणी बघितलंच नाही. मशीन तेच की हो! पेशींना प्रोपिडियम आयोडाइडचा रंग द्यायचा आणि एकेक पेशी लेसरसमोरून सोडायची. डीएनए जास्त तर चकाकी जास्त. आलेखावर उंच सुळका विभाजन न करणाऱ्या पेशींचा, दुप्पट अंतरावर बारका सुळका दुभंगायला आलेल्यांचा, मधला पसरट भाग डीएनए तयार करणाऱ्यांचा. पेशी वाढून दुभंगते ते हेच पेशीचक्र. उंच सुळका निरोगी पेशीच्या १.१६ पट किंवा पुढे सरकला, तर गुणसूत्रं सहसा ५० च्या वर. लहान पोरांत हा प्रकार औषधाला चांगली साथ देतो. उत्तर त्याच दिवशी. माझ्या मते प्रत्येक पोराची ही तपासणी व्हायलाच पाहिजे.

टिळकवाडी
अण्णा, सुळक्यावर प्रकार ठरत नाही. फिलाडेल्फिया गुणसूत्रात ९ आणि २२ क्रमांकांचे तुकडे अदलाबदल होतात. ह्या पोत्यातले जोंधळे त्या पोत्यात, तागडीला काय कळणार? सुळका जाग्यावरच. आणि तिथंच इमॅटिनिबसारखी गोळी जोडायची की नाही हे ठरतं. एपीएल ह्या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १५ आणि १७ चं तेच, आणि तिथं उशीर झाला तर माणूस रक्तस्रावानं जातो.

निपाणीचा लॅबवाला
ते जनुकांचं काम, मान्य. मी पोरांच्या एएलएलबद्दल बोलतोय.

टिळकवाडी
तिथंही फसवणूक आहे. २७ गुणसूत्रांची पेशी दुप्पट होऊन ५४ ची झाली, की सुळका तुमच्या त्या 'चांगल्या' जागीच येणार. आजार मात्र वाईटातला. घरच्यांना पेढे वाटायला लावाल.

निपाणीचा लॅबवाला
मूळच्या २७ वाल्या पेशी थोड्या उरल्या असतील तर डावीकडं बारका उंचवटा दिसतो. हात बसलेला माणूस तो सोडत नाही.

टिळकवाडी
आणि उरल्या नसतील तर?

अथणी
मध्येच बोलतो. बर्किट लिम्फोमात (लसिका पेशींचा कॅन्सर) केआय-६७, म्हणजे चक्रातल्या पेशींत दिसणारं प्रथिन, जवळपास १००% येतो, म्हणजे सगळ्या पेशी चक्रात. मँटल सेल ह्या दुसऱ्या लिम्फोमात ३०% च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. हेही पेशीचक्रच की!

टिळकवाडी
वेग कळतो, नाव नाही. मँटल सेल ओळखायचा तर सायक्लिन डी-१ बघतात. (सायक्लिन चक्रातलंच प्रथिन, तेवढा गुण अथणीला.)

खानापूर
तुमचं चालू द्या. भाच्याचा नमुना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बसनं नेला. कार्ड ह्या राज्याचं चालतं की त्या राज्याचं, ह्यातच चार दिवस गेले. फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, वाचणारी माझी बहीण मराठी शाळेची. एकाच जादा तपासणीचे पैसे असतील तर कुठली करू?

टिळकवाडी
मावशी, ९-२२ ची. फिश किंवा पीसीआर, म्हणजे तुकड्यांची ती अदलाबदल शोधणारी तपासणी.

निपाणीचा लॅबवाला
ह्यात वाद नाही. पण उरलेला नमुना फेकू नका म्हणावं, मी रंगवून देतो.

टिळकवाडी
पोराच्या कमरेच्या मागच्या हाडातून दोन मिली निघतं, अण्णा. उरतंय कुठं?

खानापूर
सोमवारी डॉक्टरांना हेच विचारते, उरलंय का म्हणून.