चाळ रिकामी होतेय. मुलीला घेऊन मुंबईतच राहावं का?

परळकरीण
आमची पागडीची (आधी ठोक रक्कम देऊन जुन्या कमी भाड्याने घेतलेली) चाळ पुनर्विकासाला जातेय. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर देणार त्या भाड्यात परळमध्ये साधी खोलीही मिळत नाही. नवरा म्हणतो, बदलापूरला वन बीएचके घेऊ आणि तिथलेच होऊ. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. माझं मत, दाटीवाटीत राहू पण शहर सोडू नये. केईएम आणि वाडियाचं मुलांचं हॉस्पिटल चालत जायच्या अंतरावर आहे. सेकंड शिफ्ट संपवून मी रात्री एकटी घरी येते, कधी भीती वाटली नाही. मुलं वाढवलेल्यांनी सांगा.

जुना गिरणगावकर
ताई, मिस्टरांचं ऐका. या शहराला आपली कुटुंबं नकोच आहेत. 1982च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991च्या नियमानुसार त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मैदानांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 साली नियम बदलला, वाटणीत फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन राहिली, 2006 साली सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. आपल्या पोरांची मैदानं तिथे गेली. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. माणसं हौसेने नाही गेली.

बदलापूर लोकल
काका, गेलेल्यांचं पुढे काय झालं तेही सांगा ना. मी त्यातलाच. सीएसएमटीपर्यंत दीड तास, तेही गाडी वेळेवर असेल तर. 9 जून 2025ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले, ती आमचीच लाइन. ताई, शाळेतून अकरा वाजता फोन आला की पोरीला ताप आहे, तर घरी पोचायला तुम्हाला दोन तास लागतील. आम्ही दोघं हे रोज भोगतोय. नोकरी परळला आणि घर बदलापूरला, असं करू नका.

नाशिकवाली
मग नोकरीच बदला. आम्ही दादर सोडून नाशिकला आलो. पगार कमी झाला हे खरं, पण मुलगा सायकलवर शाळेत जातो आणि संध्याकाळी आम्ही तिघं घरी असतो. 160 फुटांच्या खोलीत मूल वाढवणं म्हणजे मुंबईचं प्रेम, असं मला नाही वाटत.

परळकरीण
नाशिकला माझ्या कामाची एकच कंपनी आहे, ती बंद पडली तर? इथे एक नोकरी सुटली तर दुसरी मिळते. शिवाय सासूबाई आणि शेजारच्या काकू मुलीला सांभाळतात म्हणून मी कामावर जाऊ शकते.

बीडीडीतला
वरळीच्या सरकारी बीडीडी चाळीत आम्ही 160 फुटांत वाढलो. त्याच जागेवर म्हाडाने 500 फुटांची घरं दिली, 2025च्या ऑगस्टमध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. म्हणजे जागच्या जागी होऊ शकतं.

जुना गिरणगावकर
ते सरकारचं काम. गोरेगावच्या पत्राचाळीतली 672 कुटुंबं 2008च्या करारानंतर कित्येक वर्षं बाहेर भाड्याने राहिली. भाडंही मध्येच थांबलं.

बीडीडीतला
म्हणूनच ताई, प्रत्येक भाडेकरूचा वेगळा करार रजिस्टर करून घ्या आणि भाड्याचे चेक आधी हातात घ्या, मगच खोली सोडा. तोवर शिवडी, काळाचौकी, नायगावला बघा, टॉवरच्या मागे जुन्या इमारतींत अजून मिळतं. शाळा बदलावी लागणार नाही.